साडेतीन फुटांचा चष्मा

बातमी आली तेव्हा बारकीच्या हातात एका प्राध्यापकाच्या चष्म्याची उजवी काच होती. कड घासायच्या चाकावर पाण्याची बारीक धार चालू होती आणि एप्रनच्या खिशातला फोन दोनदा थरथरला. काम चालू असताना फोन बघायचा नाही, हा तिचा स्वतःचाच नियम. पण तो तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा तिने डाव्या हाताने तो अर्धवट बाहेर ओढला, एक ओळ वाचली आणि प्राध्यापकाच्या काचेच्या कडेचा टवका उडाला. गेल्या अकरा वर्षांत तिच्या हातून एकही काच फुकट गेली नव्हती. तिने चाक बंद केलं, हात पुसले आणि ती ओळ पुन्हा वाचली.

म्हातारा नवा खेळ आणतोय. नावाडी, भाग चौथा.

बारकी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. थोरल्या भावाने लहानपणी ठेवलेलं ते नाव, वय त्रेचाळीस झालं आणि जिने चढताना गुडघे कुरकुरायला लागले तरी तिला चिकटून होतं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. पुढे काउंटरवर गिऱ्हाईक, आरसे, गोड बोलणं. मागे चाक, पाणी आणि बारकी. तिला तेच बरं वाटायचं.

म्हाताराही तसा खोटाच म्हातारा होता. संगणकावरचे खेळ रचणारा तो माणूस, पहिला ‘नावाडी’ आला तेव्हा जेमतेम चाळिशीचा होता. पण खेळाच्या खोक्याच्या पाठीवरच्या फोटोत त्याने छातीपर्यंत दाढी राखली होती आणि सोळा वर्षांच्या दादाने ती बघून त्याला तिथल्या तिथे म्हातारा करून टाकलं होतं. आता तो खरोखरच एकाहत्तर वर्षांचा झाला होता. बातमीबरोबरच्या फोटोत दाढी सफाचट, अंगात लाल स्वेटर. बारकीला तो चक्क पूर्वीपेक्षा तरुण वाटला. खाली त्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या: “माझे गुडघे दुखतात, नावाड्याचे हात दुखतात. दोघं सावकाश येतोय, पण येतोय. सहा महिन्यांनी धक्क्यावर भेटू.”

बारकी स्टुलावर बसली आणि रडली. थोडंसंच. मग उठून प्राध्यापकाची काच नव्याने घ्यायला गेली.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांना यात रडण्यासारखं काय, ते कळायचं नाही. तिच्या नवऱ्यालाही कधी कळलं नव्हतं आणि तो तर भला माणूस. ‘नावाडी’त मारामारी नव्हती, धावाधाव नव्हती. पडद्यावर एक चित्र असायचं. नदीकाठ, धक्का, एखादी झोपडी. त्यात हिंडायचं, दिसेल ते उचलून बघायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि कोडं सुटलं की पुढचं चित्र उघडायचं. एकेका कोड्यापाशी माणूस महिनाभर अडायचा. नदीकाठी सात गावं होती आणि त्या सातांना जोडणारा एक नावाडी होता. तो फार बोलत नसे. पण तो पडद्यावर आला की बारकीला घरचं कुणी आल्यासारखं वाटायचं.

खेळायची दादाची आणि तिची एक रीत होती. त्यांच्या खोलीतलं टेबल भिंत आणि कपाट यांच्यामध्ये असं कोंबलेलं होतं की पुढे एकच खुर्ची मावायची. खुर्चीत बारकी बसे, माउस तिच्या हातात. तिच्या मागे, जरा उजवीकडे, दादा स्टुलावर, मांडीवर वही. वहीत नकाशे, नावाड्याची वाक्यं, कुठल्या गावाला कुठून वाट जाते ते. हात एकाचा आणि डोकं दुसऱ्याचं, असा दादाचा नियम होता. “दोन्ही एकाकडे गेलं की माणूस घाई करतो,” तो म्हणायचा. आणि दुसरा नियम असा, की एकट्याने खेळायचं नाही. अगदी कपाळ फुटलं तरी नाही.

उठायची वेळ झाली की खेळ जिथे असेल तिथे सेव्ह करून ठेवायचा, आणि त्या सेव्हला नाव द्यावं लागे. बाकी लोक तिथे एक, दोन, तीन असे आकडे टाकत असतील. या दोघांनी पहिल्या दिवसापासून तिथे त्या दिवसाची घरातली बातमी लिहिली. ‘बाबांना बढती.’ ‘वीज गेली, आली.’ ‘दादा नापास नाही.’ ‘मांजर परत आलं, कान फाटलेला.’ आठ वर्षांत तीन खेळ झाले आणि त्या यादीत दोघांचं सगळं लहानपण ओळीने लिहिलं गेलं. कुणी ठरवलं नव्हतं. हात त्या चौकटीशी पोचला की बातमी आपोआप उमटायची, इतकी ती सवय अंगात भिनली होती.

याच सवयीने पुढे घात केला.

तिसऱ्या खेळाचं शेवटचं कोडं सात घंटांचं होतं. धक्क्यावर सात घंटा टांगलेल्या, एकेका गावाची एक. त्या बरोबर क्रमाने वाजवल्या की नावाडी येणार आणि खेळ संपणार. पाच महिने दोघं तिथे अडकले होते. तेवढ्यात दादाला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी लागली, नकाशे काढायची, आणि तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी त्याला परगावी जावं लागलं. बारकी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पहिला आठवडा ती टेबलाकडे फिरकली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने नुसता पडदा पुसला. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती खुर्चीत बसली. दादाची आठवण येत होती म्हणून बसले, असं तिने पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. घर रिकामं होतं म्हणून आवाज मोठा ठेवला होता. त्यामुळे तिला प्रथमच ऐकू आलं की बरोबर घंटा वाजली की लांब कुठेतरी एक कुत्रा भुंकतो.

मग काय, कुत्र्याच्या मागोमाग ती सातव्या घंटेपर्यंत पोचली. नावाडी आला. तिने शेवट पाहिला. तो इतका सुंदर होता की तिची मान आपोआप मागे वळली. स्टूल रिकामं होतं. तेव्हा कुठे तिला कळलं की आपण काय करून बसलो. शेवट झाला की खेळ स्वतःहून सेव्ह करायची चौकट पुढे करायचा. तिच्या हाताने वर्षानुवर्षं केलं तेच केलं आणि ती यंत्र बंद करून आत जाऊन पडली.

चार दिवसांनी दादा आला. बूटसुद्धा न काढता खोलीत आला, बॅग पलंगावर टाकली, वही काढली, स्टूल ओढलं. “लाव,” म्हणाला. त्याचा चेहरा तेव्हा कसा उजळला होता, ते बारकी कधी विसरली नाही. तिने ठरवलं होतं की काही माहीत नाही असं दाखवायचं. तिने यादी उघडली. सगळ्यात वर, तारखेसकट, तिच्याच शब्दांत ओळ होती: ‘आज मी एकटी. शेवट पाहिला.’

दादाने ती वाचली. बराच वेळ वाचत होता, एवढीशी ओळ. मग म्हणाला, “पाहिलास ना? मग झालं.” आणि वही मिटून बूट काढायला बाहेर गेला.

त्यानंतर बिघडलं असं म्हणता यायचं नाही. दोघांची लग्नं झाली. आईच्या आजारपणात दोघांनी आळीपाळीने रजा काढल्या. बाबा गेल्यावर घर आवरलं तेव्हा टेबल आणि जुना संगणक बारकीने नेला, वह्या दादाने नेल्या, आणि त्या वाटणीवर कुणी चकार शब्द काढला नाही. दादा गावातच राहायचा, वीस मिनिटांच्या अंतरावर. तिच्या दुकानातूनच चष्मे करून न्यायचा. पण खेळाचा विषय निघाला की तो पाण्याचा ग्लास उचलायचा आणि सावकाश पीत राहायचा, विषय संपेपर्यंत. तिसऱ्या भागाचा शेवट त्याने कधी पाहिला नाही. कुणाला सांगूही दिला नाही. वहिनी एकदा बारकीला म्हणाली होती, “तुम्हा दोघांचं काय बिनसलंय ते मला विचारायचं नाहीये. पण ती वही हे अजून उशाच्या कपाटात ठेवतात.”

चोवीस वर्षं बारकीला माफी मागायची होती. पण एवढ्याशा गोष्टीची माफी मागायला गेलं की ती गोष्ट एवढीशी नव्हती हे कबूल करावं लागतं. आणि दर वर्षी ते जास्तच अवघड होत गेलं.

म्हणून चौथ्या भागाची बातमी वाचून तिच्या मनात पहिला विचार आला तो खेळाचा नव्हताच. स्टुलावर परत कुणीतरी बसेल का, एवढाच तो विचार होता.

दुपारी तिने दादाला बातमी पाठवली. लिहिताना तीनदा पुसलं. शेवटी नुसतं लिहिलं, ‘म्हाताऱ्याने दाढी काढली. चौथा येतोय.’

संध्याकाळी उत्तर आलं. ‘बरं.’

“बरं म्हणजे?” नवऱ्याने विचारलं. तो कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या बनवायचा, आणि जगातल्या प्रत्येक अडचणीकडे कुलूप म्हणून बघायचा. “बरं म्हणजे हो?”

“बरं म्हणजे बरं.”

“मग परत विचार.”

“दादाला परत विचारत नाहीत.”

“सात घंटा वाजवून एक माणूस यायचा तुमच्या त्या खेळात,” नवरा म्हणाला. “मी असतो तर दहा मिनिटांत दार काढून दिलं असतं.”

“तिथे दार नाहीये. नदी आहे.”

“तेच तर. कुलूप नाही तिथे मला काय कळणार,” म्हणून तो हात धुवायला गेला.

वाट बघण्यात बारकीने सहा महिने काढले. म्हातारा मधूनमधून एखादं चित्र दाखवायचा. नवा धक्का, नवं धुकं. एकदा नुसतं वल्हं दाखवलं आणि ते एक वल्हं बारकीने आठवडाभर पाहिलं. प्रत्येक चित्र ती दादाला पाठवायची. प्रत्येकाला उत्तर यायचं, ‘बरं.’ एकदाच ‘बरं आहे’ आलं, तेव्हा ती दिवसभर गुणगुणत होती. नवरा बघून हसला.

रविवारी ती कपाटातला जुना संगणक काढायची, फडक्याने पुसायची आणि चालू होतो का ते बघायची. बटण दोनदा दाबावं लागे. आतल्या आत एखाद्या आजोबांसारखा थोडा खोकायचा, पण उठायचा. नवऱ्याने तो तीनदा भंगारात काढायला निघून तीनदा परत ठेवला होता. ती यादी उघडायची, वाचायची आणि बंद करायची. सगळ्यात वरची ओळ तिला कधीही पुसता आली असती. चोवीस वर्षांत एकदाही पुसली नाही. पुसली असती तर खोटेपणावर आणखी एक खोटेपणा झाला असता, असं तिला वाटायचं.

सहा महिने संपत आले तेव्हा म्हाताऱ्याने आणखी दोन महिने मागितले. बारकीने तेही कळवलं. ‘बरं,’ दादा म्हणाला.

त्यानंतरच्या मंगळवारी काउंटरवरच्या नव्या बाई मागच्या खोलीत आल्या. रविवारी दुकान बंद आणि सोमवार बारकीच्या सुट्टीचा, त्यामुळे मंगळवारी चिठ्ठ्यांचा ढीग असायचा. बाईंनी सगळ्यात वरची चिठ्ठी वेगळी काढून धरली होती.

“हे एक गमतीचं गिऱ्हाईक आलं काल,” त्या म्हणाल्या. “कॉम्प्युटरसाठी चष्मा हवा म्हणे. मी विचारलं, स्क्रीन किती लांब असतो, दोन फूट? तर म्हणे साडेतीन. म्हटलं, अहो, एवढ्या लांबून काम कसं करता? तर म्हणे, काम नाही करायचं, बघायचंय.”

“टीव्ही असेल,” बारकी म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं.

“तसंच म्हटलं मी. टीव्हीला वेगळा लागत नाही, सांगितलं. तर म्हणे, मांडीवर वही असते. वर बघितलं की पडदा स्पष्ट दिसला पाहिजे आणि खाली बघितलं की वही. टेप घेऊन स्वतःच नाकापासून मोजून दाखवलं मला. साडेतीन फूट, वर बोटभरही नको म्हणाले.”

बारकीने चिठ्ठी हातात घेतली. चिठ्ठीवर नाव नसायचं, नुसते आकडे. पण डाव्या डोळ्याचा तिरका नंबर, अक्ष एकशे सात अंश. सगळ्या गावात तो अक्ष एकाच माणसाचा होता आणि त्याच्या काचा ती वीस वर्षं घासत आली होती. दादाला तिची सुट्टी सोमवारी असते हे पक्कं माहीत होतं.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही,” बारकी म्हणाली. “हा मी आधी करते.”

घरी गेल्यावर तिने टेबलापुढे खुर्ची ठेवली, मागे जरा उजवीकडे स्टूल ठेवलं आणि नवऱ्याला त्यावर बसवलं.

“ताठ बसू नकोस. जरा वाक. मांडीवर वही आहे असं समज.”

“जेवायचं कधी समजू?” नवरा म्हणाला, पण वाकला.

तिने टेपचं एक टोक त्याच्या नाकाच्या शेंड्यावर धरायला लावलं आणि दुसरं पडद्याला टेकवलं. साडेतीन फूट. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. ती खुर्चीत बसली आणि टेप तिच्या मांडीवर गुंडाळत बसली. नवरा नाक चोळत स्टुलावर बसून राहिला.

“येतोय म्हणायचा,” तो शेवटी म्हणाला.

“तसं म्हणाला नाहीये.”

“आता आणखी कसं म्हणायचं त्या माणसाने?”

त्या काचा करायला तिला तीन दिवस लागले. एरवी दीड तासाचं काम. वरचा भाग साडेतीन फुटांचा, खालचा वहीचा, आणि दोन्हींच्या मधली जागा इतकी अलगद की मान न हलवता नजर वरून खाली यावी. शुक्रवारी दुपारी तिने चष्मा केसमध्ये घातला आणि केस खणात ठेवली. गिऱ्हाईक शनिवारी येणार होतं.

शुक्रवारी संध्याकाळी म्हाताऱ्याने पुन्हा लिहिलं. “सातवं गाव नीट जमत नाहीये. आणखी एक वर्ष लागेल. माझ्या वयाच्या माणसाने वर्ष मागणं म्हणजे जरा उर्मटपणाच आहे, पण मागतो.”

बारकीला म्हाताऱ्याचा राग आला. मग त्याची काळजी वाटली. एकाहत्तरचा बहात्तर होईल, बहात्तरला काय भरवसा. आणि मग खरी भीती वर आली. दादाने चोवीस वर्षांनी एक पाऊल टाकलं होतं, तेही टेप लावून, मोजून. तो आता सहज पाऊल मागे घेईल, चष्मा तसाच पडून राहील, आणि परत कुणी कुणाला विचारणार नाही. तिने ती बातमी त्याला पाठवली नाही. न पाठवून काय होणार होतं? तीही वाचायला शिकली होती आणि तोही.

शनिवारी दुकानाचं दार जितक्या वेळा वाजलं तितक्या वेळा तिने चाक थांबवलं. दादा आला नाही. दुकान बंद करताना काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “तुमचं ते साडेतीन फूटवालं गिऱ्हाईक काही आलं नाही.” बारकीने खणातून केस काढली आणि पर्समध्ये टाकली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

रविवारी अकरा वाजता घराची बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं.

“या,” तो म्हणाला. “स्टूल तापवून ठेवलंय मी तुमचं.”

दादा आत आला. बूट दारातच काढले, नीट एकाशेजारी एक ठेवले. काखेत वही होती, तीच, कोपरे चिकटपट्टीने बांधलेली. केस पांढरे झाले होते. म्हणजे ते आधीही झाले होते, पण वही हातात घेऊन उभा राहिला तेव्हा बारकीला ते प्रथमच दिसले.

“चष्मा दुकानात नाही ना ठेवलास?” त्याने विचारलं.

तिने पर्समधून केस काढून दिली. त्याने चष्मा लावला, एकदा वर बघितलं, एकदा हातातल्या वहीकडे. “झकास,” म्हणाला.

“पण दादा, चौथा तर आता वर्षभर...”

“वाचलं मी. माझ्याकडे तिसराच राहिलाय अजून. लाव.”

नवऱ्याला त्याच्या किल्ल्यांच्या दुकानातलं एक कुलूप अचानक आठवलं आणि तो बाहेर पडला. रविवारी दुकान बंद असतं, हे तिघांनाही माहीत होतं.

संगणक दुसऱ्या दाबात उठला. बारकी खुर्चीत बसली, मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. यादी उघडली. ती ओळ होती तिथेच होती. तिला वाटलं होतं की आपण नीट बोलू, काहीतरी ठरवलेलं बोलू. पण मान न वळवता ती एवढंच म्हणाली, “दादा, माझं चुकलं. मी थांबायला हवं होतं.”

मागून वही तिच्या खांद्यावरून पुढे आली, उघडी. त्यात सात गावांचा नकाशा होता, दादाच्या तेव्हाच्या टोकदार अक्षरांत, आणि खाली सात नावं क्रमाने लिहिलेली. क्रम बरोबर होता. कोपऱ्यात तारीख होती.

“तू पाहिलंस त्याच्या आधी दोन दिवस,” दादा म्हणाला. “प्रशिक्षणात मागच्या बाकावर बसून सोडवलं. त्या दिवशी तुला फोन करायला बूथपर्यंत गेलो होतो. म्हटलं, नको. समोर बसून सांगू, तुझं तोंड कसं होतं ते बघू. म्हणून परत फिरलो.”

त्या दिवशी बुटांसकट आत आलेला चेहरा तिला आता पुरता कळला.

“मला रागच आला होता,” दादा म्हणाला. “पण तो गेला दोन दिवसांत. मग लाज वाटायला लागली. चोवीस वर्षांचा घोडा मी, नोकरी लागलेला, आणि एका खेळावरून उठून गेलो. परत येऊन बसायचं कसं ते कळेना. आणि मग आपलं वर्षावर वर्ष.”

“मला वाटलं, तू माफ नाही केलंस.”

“मला वाटलं, तू म्हणशील की आता कशाला.”

बारकीने नाक पुसलं आणि विचारलं, “पण हाच क्रम का? मला अजून माहीत नाही. मी तर कुत्र्याच्या भुंकण्यावरून गेले.”

“कुठला कुत्रा?” दादा खरोखर चकित झाला. “कुत्रा आहे तिथे?”

“बरोबर घंटा वाजली की लांब भुंकतो.”

तो हसायला लागला, पोट धरून, पूर्वीसारखा. मग त्याने वहीची पानं मागे मागे उलटली, पहिल्या खेळापर्यंत. तिथे नावाड्याचं एक वाक्य लिहून खाली रेघ मारली होती: ‘लांबचे आधी. जवळच्यांना थांबता येतं.’

“संध्याकाळी लोकांना घरी सोडताना म्हणतो तो,” दादा म्हणाला. “म्हणून नकाशावर अंतरं मोजली. सगळ्यात लांबचं गाव पहिली घंटा. सगळ्यात जवळचं शेवटची.”

चोवीस वर्षं तिच्याकडे उत्तर होतं आणि कारण नव्हतं. तिने ते वाक्य दोनदा वाचलं.

मग तिने ती वरची ओळ सोडून तिच्या खालचा सेव्ह उघडला, धक्क्यावरचा. ‘दादाची बॅग भरली,’ असं नाव होतं त्याला. धुकं उघडलं, सात घंटा दिसल्या. दादा वहीतून एकेक गाव सांगत गेला आणि ती घंटा वाजवत गेली. माहीत असूनही ती प्रत्येक वेळी त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबली. प्रत्येक घंटेमागून कुत्रा भुंकला आणि प्रत्येक वेळी दादा म्हणाला, “अरे, आहे की.” सहा घंटा झाल्या. बाण सातवीवर होता. तिचं बोट माउसवर होतं.

“थांब,” दादा म्हणाला.

ती थांबली.

“ही आज नको.”

“दादा, शेवट आहे. एवढी एकच राहिलीय.”

“म्हणूनच. हा संपवला की म्हाताऱ्याची वाट मला एकट्याला बघावी लागेल आणि तुला एकटीला. चौथा येईल त्या दिवशी सकाळी ही वाजवू आणि तसेच पुढे जाऊ. मी थांबेन, मला सवय आहे.” स्टूल थोडं कुरकुरलं. “तुला जमेल का?”

बारकीने सातव्या घंटेकडे पाहिलं. ती वाजल्यावर नावाडी धुक्यातून कसा येतो, काय म्हणतो, ते सगळं तिला पाठ होतं. ते दादाला दाखवायची घाई तिला इतकी झाली होती की बोट आपोआप दाबलं गेलं असतं. म्हातारा वर्षभराने आणेल की दोन वर्षांनी, की कधीच नाही, कुणाला ठाऊक.

“तोवर दर रविवारी येशील?”

“चष्मा काय शोभेला केलाय?”

तिने बाण घंटेवरून काढला आणि सेव्हची चौकट उघडली. तिने मागे वळून त्याला विचारलं नाही. हाताने आपोआप लिहिलं आणि दादाने साडेतीन फुटांवरून ते वाचलं: ‘दादा आला. शेवट राहिलाय.’

मग तिने माउसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.